दीडशे जीबीचं शहाणपण

सहा मोहऱ्यांपर्यंतचे टेबलबेस जोडले की बुद्धिबळाचं इंजिन किती सुधारतं? इंजिन म्हणजे खेळणारा प्रोग्राम, आणि टेबलबेस म्हणजे पटावर (राजे-प्यादी धरून) थोडेच मोहरे उरल्यावर होणाऱ्या प्रत्येक मांडणीचा अचूक निकाल आधीच काढून ठेवलेल्या फाइली. फोंड्यात संध्याकाळी पट मांडून बसणाऱ्या आमच्या मंडळींत या प्रश्नाची उत्तरं शून्यापासून शंभर एलोपर्यंत (एलो म्हणजे खेळाची ताकद मोजायचे गुण) मिळाली. शंभर म्हणणाऱ्याचा मुद्दा साधा होता: पटावर सहाच मोहरे उरले की इंजिन चुकूच शकत नाही, मग फरक पडणार नाही कसा? शून्य म्हणणाऱ्याचाही तितकाच साधा: डाव तिथवर पोचतो तोवर निकाल लागलेलाच असतो. मी पोटापाण्याला सॉफ्टवेअरवाला. हौसेखातर सी प्लस प्लसमध्ये स्वतःचं एक छोटं इंजिन बरीच वर्षं रखडत-रखडत वाढवतोय. तेव्हा मोजून सांगायचं काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं.

आयतं डाउनलोड करण्याआधी टेबलबेस आतून कसं तयार होतं ते हातानं करून पाहायचं ठरवलं. घेतलं ते उंट आणि घोडा विरुद्ध एकटा राजा. दोन राजे धरून चार मोहरे, 64 घरं. म्हणजे 64 चा चौथा घात, 1 कोटी 67 लाख मांडण्या, आणि चाल कोणाची ते धरलं की दुप्पट. यातल्या पुष्कळ मांडण्या अवैध असतात, त्या गाळायच्या. इंजिन नेहमी पुढचा विचार करतं. इथे काम उलटं चालतं. आधी मात झालेल्या सगळ्या मांडण्या गोळा करायच्या. मग उलट्या चाली करत मागे यायचं. जिथून पांढऱ्याला मात देता येते ती मांडणी ‘एका चालीत विजय’. काळ्यानं काहीही खेळलं तरी तो अशाच कुठल्यातरी मांडणीत जाऊन पडतो, ती ‘हार’. असे थरामागून थर काढत जायचे, आणि नवं काही सापडेनासं झालं की थांबायचं. उरेल ते सगळं बरोबरी. माझ्या प्रोग्रामचा शेवटचा थर 33 चा आला तेव्हा जीव भांड्यात पडला, कारण उंट-घोड्याची मात बिनचूक खेळून जास्तीत जास्त 33 चालींत होते हे उत्तर जगाला कधीचं माहीत आहे.

ही युक्ती नवी नाही. रिचर्ड बेलमननं 1965 मध्ये ती मांडली, थॉमस श्ट्रोलाइननं 1970 च्या प्रबंधात काही एंडगेम, म्हणजे डावाचे शेवटचे टप्पे, तसे सोडवले, आणि बेल लॅब्जच्या केन थॉम्पसननं पुढे पाच मोहऱ्यांपर्यंत मजल मारली. अडचण एकच आहे: प्रत्येक नवा मोहरा आला की काम साठेक पटींनी वाढतं. सात मोहऱ्यांपर्यंतच्या वैध, एकमेकींपासून वेगळ्या मांडण्या 424 लाख कोटींच्या घरात जातात. हे लॅपटॉपचं काम नव्हे.

म्हणून सहा मोहऱ्यांसाठी सिझिजी टेबलबेसच उतरवून घेतले. रोनाल्ड डी मान यांनी ते 2013 मध्ये आणले, आणि त्यांची हुशारी आकारात दिसते. त्याआधीचे नालिमोव टेबलबेस प्रत्येक मांडणीसाठी मात किती चालींवर आहे हे साठवत. पाच मोहऱ्यांना 7 जीबी, सहाला 1.2 टीबी. मॉस्को विद्यापीठाच्या लोमोनोसोव महासंगणकावर 2012 मध्ये सात मोहऱ्यांचे तसेच टेबलबेस झाले, त्यांनी 140 टीबी जागा खाल्ली. डी माननी प्रश्नच दोन तुकड्यांत तोडला. पहिल्या फाइलीत फक्त निकाल: विजय, बरोबरी, हार, शिवाय पन्नास चालींच्या नियमामुळे (तेवढ्या चालींत मोहरा मारला नाही आणि प्यादंही हललं नाही तर बरोबरी) हातातून निसटणारा विजय आणि त्याच नियमानं वाचणारी हार. याला डब्ल्यूडीएल म्हणतात. दुसऱ्या फाइलीत, म्हणजे डीटीझेडमध्ये, पुढची मार किंवा प्याद्याची चाल किती अंतरावर आहे तेवढंच. पाच मोहऱ्यांपर्यंतचा सगळा माल एक जीबीच्या आतबाहेर, सहाचा दीडशे जीबी. सात मोहऱ्यांचा संच बोजून ग्वो यांनी 2018 मध्ये पुरा केला. तो 17-18 टीबी भरतो. त्याच्या वाटेला मी गेलो नाही, घरात इतर माणसंही राहतात.

डाउनलोडबद्दल फार सांगण्यासारखं नाही. 2025 चा पाऊस नुकताच लागला होता. गोव्यात जूनमध्ये एवढी मोठी गोष्ट उतरवायची म्हणजे लाइट जाणार, राउटर बंद पडणार आणि इन्व्हर्टर रात्री कधीतरी कुईकुई करून गप्प होणार हे धरूनच चालायचं. टॉरेंटमुळे तुटलं तिथून पुढे चालू होत होतं. शेवटी प्रत्येक फाइलीचा चेकसम (फाइल जशीच्या तशी उतरली की नाही ते सांगणारा आकडा) मात्र तपासायचाच. टेबलबेसमध्ये एक ब्लॉक बिघडला तर इंजिन बोंब मारत नाही, शांतपणे चुकीचं उत्तर खरं मानून पुढे जातं.

फॅदम नावाची तयार लायब्ररी असल्यामुळे जोडणी सोपी होती. पण इंजिननं टेबलबेसला कधी विचारायचं याचे नियम मला या सगळ्यात सर्वांत गमतीचे वाटले. कॅसलिंगचा (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवण्याचा) हक्क शिल्लक असेल तर विचारायचं नाही, कारण टेबलबेसला कॅसलिंग ठाऊकच नाही. आणि शोध, म्हणजे पुढच्या चालींची चाचपणी, चालू असताना विचारायचं ते पन्नास चालींची मोजणी शून्यावर असेल तेव्हाच, म्हणजे नुकतीच मार झाली असेल किंवा प्यादं हललं असेल तेव्हा. डब्ल्यूडीएलमधला ‘विजय’ मोजणी शून्यापासून सुरू होते असं गृहीत धरतो. तीस चाली आधीच वाया गेल्या असतील तर तोच विजय बरोबरीत जाऊ शकतो. स्टॉकफिश या नामांकित इंजिनचा कोड वाचला की हीच अट तिथेही दिसते. वरवर ती कंजुषी वाटते, पण सात मोहऱ्यांवरून सहावर येताना नेहमी मारच होते, आणि मार झाली की मोजणी शून्यावर येते. म्हणजे हव्या त्या दारातच चौकशी होते.

आधी डब्ल्यूडीएलच्या फाइली उतरल्या, म्हणून पहिले डाव त्यांच्यावरच लावले. पुढे काय होईल याची कल्पना होती, तरी डोळ्यांनी पाहायचं होतं. माझ्या इंजिनकडे हत्ती आणि प्यादं विरुद्ध हत्ती असा जिंकलेला एंडगेम आला आणि ते मजेत इकडून तिकडे हत्ती फिरवत बसलं. त्याचं काही चुकत नव्हतं. चार चाली जिंकणाऱ्या होत्या, चारींना टेबलबेस एकच शिक्का मारत होतं, मग घाई कशाला? डाव जिंकलेला आहे एवढं त्याला कळत होतं, पुढे सरकायचं कारण मात्र उरलं नव्हतं. टेबलबेस नसताना हेच इंजिन प्यादं पुढे ढकलायचं, कारण त्याच्या मूल्यमापनात पुढे गेलेल्या प्याद्याला जास्त गुण होते. म्हणजे पक्कं ज्ञान आल्यावर खेळ काही काळ चक्क बिघडला.

डीटीझेड आल्यावर हा घोळ मिटला. ते शोधाच्या आत वापरत नाहीत, फार हळू पडतं; प्रत्यक्ष पटावरच्या मांडणीत चाल निवडतानाच त्याला विचारायचं. मग इंजिन दर खेपेला पुढच्या मारेकडे किंवा प्याद्याच्या चालीकडे सरकत राहतं, आणि विजय पन्नास चालींच्या कात्रीत सापडत नाही. पण खेळ दिसतो विचित्र. आमच्यातले एक निवृत्त शिक्षक, ज्यांना सगळेच सर म्हणतात, स्क्रीनकडे बघत होते. माझ्या इंजिननं चांगला धडधाकट हत्ती एका प्याद्यासाठी देऊन टाकला.

“अरे बाबा, हे कितें केलं यानं?” सर म्हणाले. आमच्याकडे मराठीत कोंकणी अशीच मिसळते. “हत्ती ठेवला असता तर आठ-दहा चालींत मात होती.”

“त्याला मातेचं अंतर माहीतच नाही, सर. पुढची मार किती लांब आहे तेवढंच बघतंय. मार झाल्यावरही डाव जिंकलेलाच राहतो, तेवढं त्याला पुरतं.”

“मग माझ्या विद्यार्थ्यांना हे दाखवू नकोस.”

सरांचं म्हणणं रास्त होतं. सिझिजीच्या चाली निकालाला धक्का लावत नाहीत, पण त्या शिकवायच्या चाली नव्हेत. मातेचं अंतर सांगणारे नालिमोव इथे जास्त माणसाळलेले, पण त्यांना पन्नास चालींचा नियम ठाऊक नव्हता.

आता मोजणी. इथे मला बराच काळ काढावा लागला, आणि आमच्या मंडळींचा धीर सुटला तो इथेच. एकाच इंजिनच्या दोन प्रती, एकीला टेबलबेस, दुसरीला नाही, बाकी सगळं सारखं. डाव लावायला क्यूटचेसचा कमांड लाइन प्रोग्राम वापरला. सुरुवातीच्या मांडण्या जोडीनं: प्रत्येक मांडणी एकदा पांढऱ्याकडून, एकदा काळ्याकडून. इथे एक बारकावा आहे, आणि तो सुटला तर सगळा खटाटोप फुकट. डाव लावणाऱ्या प्रोग्रामलाच टेबलबेस देऊन सहा मोहरे उरताक्षणी निकाल जाहीर करायची सोय असते. वेळ वाचतो म्हणून लोक ती सर्रास चालू ठेवतात. टीसीईसीसारख्या इंजिनांच्या मोठ्या स्पर्धेतही टेबलबेसवरून डाव थांबवतात. पण मग ज्या प्रतीकडे टेबलबेस नाही तिलाही पंच फुकटात बिनचूक निकाल बहाल करतो, आणि जो फरक मोजायचा तोच पुसला जातो. मी ती सोय बंद ठेवली. डाव शेवटपर्यंत, मात होईतो किंवा नियमानं बरोबरी होईतो.

दुसरी गोष्ट आकडेमोडीची. 10 एलोचा फरक म्हणजे शंभर गुणांतले 51.4 विरुद्ध 48.6. एवढा बारीक फरक थोड्या डावांत दिसत नाही. हजार डाव झाले आणि त्यातले साठ टक्के बरोबरीत सुटले, तर 95 टक्के खात्रीनं सांगायची मर्यादा अधिक-उणे 14 एलोच्या आसपास येते. ती दहापट बारीक करायची तर डाव शंभरपट हवेत, म्हणजे लाखभर. ‘पन्नास डाव लावले, तीस एलो वाढलं’ असं कोणी सांगितलं की मी आता चहा मागवून विषय बदलतो.

चवथीच्या (गणपतीच्या) सुट्टीत कॉम्प्युटर मोकळा होता, घरात माटोळीखाली आरत्या चालू आणि आतल्या खोलीत पंख्यासमोर मशीन डाव खेळतंय. माझ्या इंजिनच्या बाबतीत कल स्पष्ट दिसला: टेबलबेस असलेली प्रत पुढे राहिली आणि फरक त्रुटीच्या मर्यादेबाहेर गेला. कारण उघड आहे. माझं मूल्यमापन हातानं लिहिलेलं, बाळबोध. उंट-घोड्याची मात त्याला येत नव्हती. पटाच्या अगदी कडेच्या रांगेतलं प्यादं आणि चुकीच्या रंगाचा, म्हणजे प्याद्याच्या शेवटच्या घराच्या रंगावर न चालणारा, उंट असला की राजा कोपऱ्यात बसून डाव वाचवतो, हे त्याला कळत नसे. ते मोहऱ्यांचे गुण मोजून आपण जिंकतोय असं समजायचं आणि खुशाल मोहरे मारत त्या एंडगेमात जाऊन पडायचं. टेबलबेस आल्यावर अशी अदलाबदल आठ-नऊ मोहरे असतानाच टळू लागली. फायद्याचा मोठा भाग हा होता. पटावर सहा मोहरे उरल्यावर बिनचूक खेळणं त्यामानानं दुय्यम. शोधाच्या झाडात खोल कुठेतरी सहा मोहऱ्यांची मांडणी आली की तिच्याखालचं सगळं झाड तिथेच छाटलं जातं आणि त्या जागी अचूक निकाल येऊन बसतो, मग तो निकाल वर झिरपत येतो.

मग स्टॉकफिशवर हाच प्रयोग केला. तीच मांडणी, तोच वेळ. फरक त्रुटीच्या मर्यादेतच विरघळला. ‘काहीच फरक नाही’ असा याचा अर्थ होत नाही. माझ्याकडच्या डावांच्या संख्येत दिसावा एवढा तो मोठा नाही, इतकंच मी म्हणू शकतो. पण शंभर म्हणणारे गृहस्थ त्या दिवशी गप्प बसले.

हे असं का, यावर मी बराच विचार केला. सप्टेंबर 2020 मध्ये आलेल्या स्टॉकफिश 12 पासून त्यात एनएनयूई हे न्यूरल जाळं आहे. त्याला चुकीचा उंट वगैरे गोष्टी बऱ्यापैकी उमगतात, आणि शोध इतका खोल जातो की सोपे एंडगेम ते स्वतःच सोडवतं. शिवाय अलीकडची जाळी लीला या दुसऱ्या इंजिनच्या डावांतून आलेल्या विदेवर शिकवलेली आहेत, आणि त्या विदेतले एंडगेमचे निकाल टेबलबेसशी ताडून सुधारलेले असतात. थोडक्यात, टेबलबेसमधलं शहाणपण शिकवणीच्या वेळीच जाळ्यात उतरलेलं आहे. खेळताना पुन्हा फाइल उघडून मिळवायचं फार थोडं उरतं. ही गोष्ट मला प्रयोगाआधी वाचून माहीत होती, पण आकड्यांत ती समोर आल्यावर जास्त पटली.

फायदा एवढा बारीक असला की खर्चाकडे लक्ष जातं. तेही मोजावं म्हणून सगळ्या फाइली मुद्दाम एका जुन्या, फिरत्या हार्ड डिस्कवर ठेवल्या. अशा डिस्कला कुठलीतरी एक जागा शोधून वाचायला साधारण 10 मिलिसेकंद लागतात. इंजिन सेकंदाला दहा लाख मांडण्या तपासत असेल, तर एका चौकशीत दहा हजार मांडण्यांचा वेळ गेला. एसएसडीवर हेच 0.1 मिलिसेकंदाच्या आसपास, म्हणजे शंभरेक मांडण्या. फायली मेमरीत मॅप केलेल्या असतात, त्यामुळे एकदा वाचलेला भाग रॅममध्ये राहतो आणि पुढच्या चौकश्या स्वस्तात होतात. पण 16 जीबी रॅममध्ये दीडशे जीबी कसे मावणार? हार्ड डिस्कवर एंडगेम जवळ आला की वेग धाडकन कोसळायचा, डिस्कची करकर ऐकू यायची, आणि कमी वेळाच्या डावांत टेबलबेसवाली प्रत उघड मागे पडत होती. म्हातारपण आलेल्या त्या डिस्कला मी मग सोडवलं.

स्टॉकफिशमध्ये यावर एक उतारा दिलेला आहे: किती खोली शिल्लक असेल तरच विचारायचं, ते ठरवणारा पर्याय. मूळ किंमत 1. ती वाढवली की सर्वांत मोठ्या, म्हणजे माझ्याकडे सहा मोहऱ्यांच्या, टेबलांची चौकशी झाडाच्या टोकांना होत नाही, फक्त वरच्या फांद्यांवर होते. पाच किंवा कमी मोहऱ्यांची मात्र तरीही होते. पाच मोहऱ्यांपर्यंतच्या फाइली रॅममध्येच मावतात, त्यामुळे हे बरोबर जमतं. एसएसडीवर मला या पर्यायाला हात लावायची गरज भासली नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरात फिडेचा (जागतिक बुद्धिबळ संघटनेचा) विश्वचषक गोव्यातच झाला, आणि आमच्याकडे महिनाभर दुसरा विषय नव्हता. मोठ्या पडद्यावर डाव लावायचे, बाजूला स्टॉकफिश. सहा मोहरे उरले आणि डाव जिंकलेला असला की नव्या आवृत्त्यांत आकडा थेट 200 च्या आसपास उडी मारतो. तो गुण नसतो, ‘टेबलबेसनं जिंकलेला’ असा शिक्का असतो. नवख्यांना त्याचा भलताच धक्का बसायचा. म्हापशाहून आलेला माझा भाचा प्रत्येक वेळी विचारायचा, “मामा, एवढं जिंकलंय तर तो सोडत का नाही?” कारण समोरच्या माणसाला ते जिंकून दाखवावं लागतं, आणि घड्याळ चालू असतं.

टेबलबेसचा खरा उपयोग मला तिथे, माणसांच्या बाजूला दिसला. दोन उंट विरुद्ध एकटा घोडा हा एंडगेम क्लिंग आणि हॉर्विट्झ यांनी 1851 मध्ये दाखवलेल्या बचावामुळे शतकभर बरोबरीचा समजला गेला. थॉम्पसनच्या टेबलनं 1983 मध्ये तो सर्वसाधारणपणे जिंकलेला असल्याचं दाखवलं, फक्त काही वेळा 66 चाली लागतात. अशा शोधांमुळे फिडेनं काही एंडगेमांसाठी पन्नासची मर्यादा वाढवली होती. 1992 मध्ये पुन्हा सगळीकडे पन्नास केली.

सरांना मी यातला वजीर विरुद्ध हत्ती लावून दिला आहे. हत्ती मशीनकडे, टेबलबेस चालू. पुस्तकात हा एंडगेम सोपा दिसतो, कारण पुस्तकात हत्तीवाला राजाजवळ हत्ती ठेवून शहाण्यासारखा हरतो. टेबलबेस हत्ती कुठल्या कुठे दूर नेऊन ठेवतं. 1977 मध्ये अमेरिकन ग्रँडमास्टर वॉल्टर ब्राऊननं थॉम्पसनच्या टेबलविरुद्ध पैज लावून हाच डाव घेतला होता. 31 चालींत सुटणारी मांडणी त्याला पन्नासात जिंकता आली नाही. मग अभ्यास करून तो परत आला आणि दुसऱ्यांदा बरोबर पन्नासाव्या चालीला हत्ती पटकावला. सर सध्या साठच्या आसपास आहेत. माझ्या इंजिनला जाळं शिकवायचं काम बाजूला पडलंय, कारण एसएसडी त्यांच्या लॅपटॉपला लागलेली असते आणि ते ती देत नाहीत.